लुसी आणि आम्ही अटॅच मंडळी

पल्टनीत डॉक्टर एकटाच असतो. हे मला मेडिकल कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं, आणि लखनौच्या आर्मी मेडिकल कोअरच्या प्रशिक्षणातही नाही. बटालियनला एक आरएमओ, म्हणजे पल्टनीचा डॉक्टर, त्याच्या हाताखाली मोजके नर्सिंग असिस्टंट, एक एमआय रूम, म्हणजे छोटासा दवाखाना, आणि एक अँब्युलन्स. सगळे आदराने ‘डॉक्टर साहब’ म्हणतात आणि नेमका तो आदरच आडवा येतो. डॉक्टरकडे गप्पा मारायला कुणी येत नाही. ताप आला की येतात, गुडघा सुजला की येतात, मेडिकल कॅटेगरीचा कागद हवा असला की येतात. संध्याकाळी व्हॉलीबॉलचं जाळं लागलं की डॉक्टर एमआय रूमच्या दारात उभा राहून बघतो. कुणी बोलावलंच तर सन्मानाने पंच करतात.

माझी नेमणूक उत्तर काश्मीरमध्ये, राष्ट्रीय रायफल्सच्या एका बटालियनमध्ये होती. आरआर १९९० मध्ये उभी राहिली. तिची स्वतःची थेट भरती नसते. साधारण निम्मी माणसं ज्या इन्फन्ट्री रेजिमेंटशी ती बटालियन जोडलेली असते तिथली, उरलेली तोफखाना, सिग्नल्स, इंजिनिअर्स, सर्व्हिस कोअर, यंत्रं-गाड्या दुरुस्त करणारी ईएमई अशी कुठून कुठून दोन-तीन वर्षांसाठी आलेली. म्हणजे सगळेच पाहुणे. तरी त्या पाहुण्यांतही पंगती असतात. एका रेजिमेंटची माणसं आल्या दिवशी एकमेकांना शोधून काढतात, ‘आपला’ सुबेदार कोण ते विचारून घेतात. डॉक्टरला ‘आपला’ कुणी नसतो.

डॉग टीमही अशीच अटॅच होऊन आली. आर्मी डॉग युनिटकडून गरजेप्रमाणे कुत्री आणि हँडलर बटालियनला दिले जातात. रेशन इथलं, हुकूम इथला, पण नावनोंदणी दुसरीकडे. गाडीच्या मागच्या बाजूने आधी एक लोखंडी पिंजरा उतरला, मग हँडलर, आणि मग पिवळी लॅब्रॅडॉर कुत्री, जिने उतरल्या उतरल्या सुबेदार मेजर साहेबांच्या बुटांचा कसून तपास केला. साहेब हलले नाहीत. नंतर ते सांगायचे की इतकी बारकाईने झडती कारकिर्दीत कुणी घेतली नव्हती.

तिला मी इथे लुसी म्हणतो. हँडलरला सगळे उस्ताद म्हणायचे, मीही तेच म्हणेन. उस्ताद हिमाचलचा. कमी बोलणारा, म्हणजे माणसांशी. लुसीशी तो दिवसभर बोलायचा, त्याच्या पहाडी बोलीत, तक्रारीच्या सुरात, जणू ती घरातली थोरली होती आणि कारभार तिनेच बिघडवला होता. हुकूम मात्र ठरलेल्या मोजक्या शब्दांत आणि वेगळ्या आवाजात. तो आवाज लागला की लुसीचे कान आणि उस्तादचा चेहरा एकदमच बदलायचे.

सैन्याच्या कुत्र्यांचं सगळं घराणं मेरठचं. रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअर, म्हणजे आरव्हीसी, तिथे त्यांची पैदास आणि शिक्षण करते. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, अलीकडे बेल्जियन मॅलिनॉइज, आणि २०१६ पासून कर्नाटकातला आपला मुधोळही तिथे शिकायला गेला. कुणी माग काढणारा, कुणी सुरुंग हुंगणारा, कुणी हिमस्खलनात माणसं शोधणारा, कुणी थेट घरात घुसणारा. कामं वेगळी, शिकवणी वेगळी. लुसी स्फोटकं शोधणारी होती.

तिचं काम पाहायचं तर पहाटे उठावं लागे. रस्त्यावरून ताफे जाण्याआधी रोड ओपनिंग पार्टी निघते. आरओपी. उजाडायच्या आधी माणसं रस्त्याच्या दोन्ही अंगांनी पसरतात आणि ठरलेला पट्टा पायी तपासत जातात: मोऱ्या, पुलांखालचे कोपरे, खडीचे ढीग, काल नव्हता असा एखादा खड्डा. अँब्युलन्स तयार ठेवायची असे, म्हणून अधूनमधून मीही मागे असायचो. सगळ्यात पुढे लांब पट्ट्यावर लुसी, मग उस्ताद, मग डिटेक्टरवाले. बॉम्बमध्ये धातू अगदीच कमी असला तर यंत्र चुकू शकतं, पण आतल्या स्फोटकाचा वास नाकाला लागतो.

डॉक्टर म्हणून मला त्या नाकाचं अप्रूप अनेकांपेक्षा जास्त. माणसाच्या नाकात वास टिपणारे ग्राहक पन्नास-साठ लाख, कुत्र्याच्या नाकात वीस ते तीस कोटींच्या घरात. शिवाय त्या नाकाची रचनाच हुशार आहे. कुत्रा श्वास सोडतो तो नाकपुडीच्या बाजूच्या चिरेतून, त्यामुळे समोरचा वास विस्कटत नाही आणि सेकंदाला चार-पाच वेळा हुंगता येतं. अडचण एवढीच की अंग गार करायचा कुत्र्याचा मुख्य उपाय म्हणजे धापा टाकणं, आणि धापा टाकताना नीट हुंगता येत नाही. म्हणून उस्ताद घड्याळापेक्षा तिच्या जिभेकडे बघायचा. जीभ एका बाजूला लोंबली की पार्टी थांबायची. कंपनी कमांडरला घाई असली तरी थांबायची. बटालियनमध्ये कमांडरला नाही म्हणू शकणारी माणसं थोडी, त्यात एका नायक हुद्द्याच्या जवानाच्या हातातली ही कुत्री.

काही सापडलं तर ती भुंकत नाही, उकरत नाही. बसते. तेवढंच. तिने उकरलं तर सगळेच जायचे. ती बसली की अख्खा रस्ता जागच्या जागी गोठायचा. उस्ताद तिला मागे घ्यायचा, बॉम्ब डिस्पोजलला निरोप जायचा, आणि मग वाट पाहणं. बहुतेक वेळा काही निघायचं नाही. जुनं काडतूस, कधी कुणी खत टाकलेलं पोतं. पण त्यावरून तिच्यावर कुणी वैतागलेलं मी पाहिलं नाही. त्या मधल्या वेळात मात्र माणसं बोलायची. एरवी आरओपीत बोलणं नसतं. एकेकाच्या तोंडून बहिणीचं लग्न, बँकेचा हप्ता, भावाशी चाललेला जमिनीचा वाद बाहेर यायचा. माझ्या शेजारी उभा असलेला रेडिओ ऑपरेटर अशाच एका थांब्यात मला पहिल्यांदा म्हणाला, “डॉक्टर साहब, आप भी तो अकेले ही हो.” मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. पण त्या संध्याकाळी पंचाऐवजी खेळायला बोलावणं आलं.

उस्तादची एक गोष्ट मला फार नंतर कळली. महिनोन्महिने काहीच सापडलं नाही तर कुत्र्याचं मन उडतं. लुसीला बॉम्बचं काय देणंघेणं? तिच्या लेखी ठराविक वास सापडला की रबरी चेंडू मिळतो, एवढाच व्यवहार. चेंडूच मिळत नसेल तर हुंगायचं कशाला? म्हणून उस्ताद परवानगी घेऊन प्रशिक्षणाचा नमुना कुठेतरी लपवून ठेवायचा. ती तो शोधायची, बसायची, चेंडू मिळायचा, आणि मग तो दमलेला गंभीर माणूस रस्त्याच्या कडेला तिच्याशी अशी मस्ती करायचा की पोरगेले शिपाई तोंडावर हात धरून हसायचे. आमच्यासाठी असं काही लपवून ठेवायची सोय सैन्याने केलेली नाही. आमचे शांततेचे महिने तसेच जायचे, आणि माझ्या रजिस्टरमध्ये डोकेदुखी, अपचन, पाठदुखी अशा नोंदी वाढायच्या.

लुसीला हात लावायचा नाही, हा पहिल्या दिवसापासूनचा नियम. काम करणाऱ्या कुत्र्याला दहा जणांनी गोंजारलं तर त्याचं लक्ष फुटतं, आणि खाऊ तर हँडलरशिवाय कुणीच द्यायचा नाही. आता, तिशीच्या आतली माणसं, घरापासून दूर, समोर लॅब्रॅडॉर, आणि हात लावायचा नाही. मला वाटलं होतं आठवड्यात नियम मोडेल. मोडला नाही. झालं असं की संध्याकाळी उस्ताद तिला ब्रश करायला बसायचा, कान तपासायचा, बोटांच्या मधली जागा तपासायचा, गोचीड शोधायचा, आणि केनेलसमोर माणसं जमायला लागली. नुसती बघायला. कुणी उलट्या बादलीवर, कुणी वाळूच्या पोत्यांवर. सुरुवातीला तिच्यावरच चर्चा. आज सुस्त आहे का, उजवा कान जास्त खाजवते का. मग विषय कुठूनही कुठे. हात रिकामे आणि नजर कुत्र्यावर, त्यामुळे बोलणाऱ्याला समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागत नव्हतं. पुरुषांना बोलायला एवढी सवलत पुरते, असं माझं तेव्हापासूनचं मत आहे.

२०१५ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं होतं की कुत्रा आणि त्याचा मालक एकमेकांकडे बराच वेळ पाहत राहिले तर दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. ते मी एकदा तिथे मोठ्या उत्साहाने सांगितलं. एका हवालदाराने विचारलं, “और जो बाहर बैठा देख रहा है, उसका?” त्या प्रयोगात याचं उत्तर नव्हतं.

केनेलपासून लांब, लंगरच्या, म्हणजे जवानांच्या स्वयंपाकघराच्या मागे दुसरी एक जमात होती. गावठी कुत्री. त्यांची भरती कुणी केली नव्हती, त्यांना नंबर नव्हता, पण रात्री तारेपलीकडे पान हललं तरी पहिली बातमी त्यांच्याकडूनच यायची. पहारेकऱ्यांचा त्यांच्यावर फार विश्वास. उस्ताद मात्र त्यांना लुसीच्या जवळ फिरकू द्यायचा नाही. पार्व्हो, डिस्टेंपर असे कुत्र्यांचे रोग, गोचीड, त्याची यादी तयार असे. ती कुत्रीही ठरावीक अंतरावर बसून लुसीचं ब्रशिंग बघायची, थेट आमच्यासारखी. त्यांतल्या एकीला बर्फात पिल्लं झाली तेव्हा क्वार्टरमास्टरने रेकॉर्डवर कुठेही न दाखवता एक जुना तंबू दिला. तो तंबू कुठे गेला याची चौकशी झाली नाही, कारण ती करणारा अधिकारी रोज तिथे जाऊन पिल्लं मोजायचा.

त्याच हिवाळ्यात लुसीचा पुढचा पंजा कापला. बर्फाखाली काचेचा तुकडा असणार. आमच्याकडे पशुवैद्य नाही, रस्ता बंद, आणि उस्ताद तिला उचलून एमआय रूममध्ये घेऊन आला. मी व्हेटर्नरी ऑफिसरला फोन लावला. त्याने शांतपणे एकेक गोष्ट सांगितली: कुत्र्याचं तापमान एकशे दोन असेल, घाबरू नका, ते नॉर्मल आहे. पॅरासिटामॉल नाही, आयबुप्रोफेन नाही, माणसांच्या गोळ्यांच्या कपाटाकडे बघूच नका. जखम धुवा, काच शोधा, टाके घाला, पट्टी फार आवळू नका. ती टेबलावर पडून होती. उस्तादचं डोकं तिच्या डोक्याला टेकलेलं, तोंडाने ती पहाडी तक्रार चालू. मी टाके घातले. एकदाही दात दाखवले नाहीत तिने. टेबलावर आलेल्या बऱ्याच रुग्णांबद्दल मला हे म्हणता येणार नाही.

बाहेर पडलो तर दारात गर्दी. त्या दिवसापासून एमआय रूमचा उंबरठा सोपा झाला. येणारा विचारायचा, “साब, लुसी का पैर कैसा है?” मी सांगायचो. तो मान हलवायचा आणि जायचा नाही. उभाच. एक तरुण शिपाई असाच उभा राहिला, बुखारीच्या शेगडीवर हात शेकत, बऱ्याच वेळाने म्हणाला की झोप लागत नाही. किती दिवसांपासून, विचारलं तर ‘पिछली पोस्टिंग से’. त्याच्याबद्दल इथे अधिक लिहिणार नाही. इतकंच, की त्याला वेळेवर योग्य ठिकाणी पाठवता आलं आणि तो बरा आहे. सैन्यात मनाच्या दुखण्यासाठी तपासणी आहे, व्याख्यानं आहेत, फॉर्म आहेत. त्या फॉर्मवर त्याने सगळीकडे ‘नाही’ अशी खूण केलेली होती, ती मीच फाइल केली होती. कुत्र्याच्या पंजाची चौकशी मात्र कुठल्याच फॉर्ममध्ये भरावी लागत नाही.

३० जुलै २०२२ ला बारामुल्ला जिल्ह्यातल्या वानीगाम बाला इथे चकमक झाली. ॲक्सेल नावाच्या मॅलिनॉइजला घरात पाठवलं होतं. एक खोली तपासून तो पुढच्या खोलीत शिरला आणि त्याला गोळ्या लागल्या. आमच्यापासून ते फार लांब नव्हतं. बातमी रेडिओवरून आली, मग फोनवर फोटो आले: लहानशी शवपेटी, पुष्पचक्रं, सलामी देणारे अधिकारी. स्वातंत्र्यदिनी त्याला मेन्शन इन डिस्पॅचेस, म्हणजे शौर्याची अधिकृत नोंद, हा मान जाहीर झाला. हा मान मिळवणारी पहिली कुत्री मानसी. तीही लॅब्रॅडॉर, आणि ती २०१५ मध्ये कुपवाड्याच्या तंगधार भागात तिचा हँडलर बशीर अहमद वार याच्याबरोबरच गेली.

ॲक्सेल गेला त्या संध्याकाळी केनेलसमोर माणसं जास्त होती आणि आवाज कमी. उस्तादने नेहमीसारखा ब्रश घेतला. कुणीतरी म्हणालं, देशासाठी जीव दिला. उस्तादने वर न बघता उत्तर दिलं, “देश नहीं जानता वो. हँडलर ने बोला, जा, तो गया.” मग कुणी बोललं नाही.

हे वाक्य मला पटलं आणि अजून पटतं. कुत्र्यांना शहीद म्हणताना आपण आपली एक सोय करून घेतो. माणूस सही करून येतो. तो कुठल्या कारणाने येतो हा वेगळा विषय, पण सही त्याची असते. लुसीने सही केलेली नाही. तिला चेंडू हवा आहे आणि उस्ताद हवा आहे, आणि या दोन हव्यांचा आपण उपयोग करतो. तो उपयोग चूक आहे असं मी म्हणत नाही. आरओपीत तिच्या मागे चाललेला माणूस ते म्हणूच शकत नाही. फक्त हिशेब आपल्या नावावर लिहावा, तिच्या त्यागाच्या नावावर नाही.

ऑक्टोबरमध्ये झूम या दुसऱ्या लष्करी कुत्र्याचं झालं. १० तारखेला अनंतनागमध्ये दोन गोळ्या लागल्या, तरी तो झुंजत राहिला. श्रीनगरच्या लष्करी पशुरुग्णालयात तीन दिवस काढून १३ तारखेला गेला. ते तीन दिवस आमच्या एमआय रूममधला फोन सतत वाजत होता. कंपनी बेसवरून, पोस्टवरून, एकच प्रश्न: डॉक्टर साहब, काही कळलं? मला श्रीनगरहून काहीही कळत नव्हतं, बातम्यांत होतं तेवढंच. तरी लोक मला विचारायचे आणि मीही उत्तर द्यायचो. तेव्हा केव्हातरी लक्षात आलं की मला ‘डॉक्टर साहब’ म्हणताना त्यांच्या आवाजातलं अंतर गेलेलं आहे.

पुढे उस्तादची बदली झाली. कुत्रा एका युनिटचा असतो आणि हँडलरला नोकरी असते. दोघांची साथ कायमची नसते. नवा हँडलर आला तेव्हा हस्तांतरण सावकाश झालं: आधी दोघं मिळून फिरवणं, मग खाणं नव्याच्या हातून, मग ब्रश. ब्रश देताना उस्तादने फार सूचना दिल्या. कानाची, पंज्याची, गोचिडांची, आणि एक अशी की ती रुसली तर समजावत बसू नको, आपणही रुसायचं. नव्या पोराने हे वहीत लिहून घेतलं.

मग मीही सैन्यातून बाहेर पडलो. शॉर्ट सर्व्हिस, म्हणजे ठरावीक वर्षांची नोकरी, संपली. सप्टेंबर २०२३ मध्ये राजौरीत हँडलरला वाचवताना केंट ही लष्करी कुत्री गेली, ऑक्टोबर २०२४ मध्ये अखनूरला फँटम हा कुत्रा, प्रत्येक वेळी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आधी उस्तादचा मेसेज शोधला गेला. ग्रुप त्या बटालियनच्या वेळचा. त्यात तोफखान्याचा हवालदार आहे, रेडिओ ऑपरेटर आहे, निवृत्त सुबेदार मेजर साहेब आहेत, झोप न लागणारा तो मुलगा आहे, आणि पिल्लं मोजणारे अधिकारीही.

एके काळी निवृत्त लष्करी कुत्र्यांना सरळ दयामरण दिलं जायचं. २०१५ च्या सुमाराला माहिती अधिकारातून ते बाहेर आलं, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि धोरण बदलावं लागलं. आता ती दत्तक देता येतात. घेणाऱ्याला शेवटपर्यंत सांभाळण्याचं लिहून द्यावं लागतं. उस्तादने अलीकडे ग्रुपवर टाकलं की लुसी निवृत्तीच्या यादीत आली आहे आणि तो स्वतः नव्या कुत्र्याबरोबर दुसऱ्याच सीमेवर आहे. तासाभरात आठ जणांनी हात वर केले. त्यात मीही होतो. कोणी म्हणालं डॉक्टर तिसऱ्या मजल्यावर राहतो, म्हातारीने जिने चढायचे का? मी म्हणालो तिच्या पंजाचे टाके माझे आहेत. हवालदार म्हणाला टाक्यांनी हक्क मिळत असेल तर अर्धी पल्टन डॉक्टरच्या घरी राहायला पाहिजे. दोन दिवस हे चाललं. शेवटी सुबेदार मेजर साहेबांनी मध्ये पडून निकष ठरवला: पहले ये बताओ, किसके यहाँ गेंद फेंकने की जगह है. मग फोटोंचा पाऊस. अंगणं, शेतं, बागा, गच्च्या. एकाने गावच्या शाळेचं मैदानच पाठवलं. ते बाद झालं. माझी गच्ची अजून विचाराधीन आहे.